बोट ठेवलं की दिवा लागतो

५ ऑगस्ट, सकाळ

नाही ताई, तू मला शिकवू नकोस. बाबांचा डावा हात गेलेला नाही. सिग्नल पोचत नाहीये, एवढंच. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो कळण्याइतकी अक्कल या घरात फक्त माझ्याकडे आहे. मी जीवशास्त्र शिकवतो. तू बँकेत आहेस. मी तुला कधी व्याजदर शिकवायला येतो का?

(हे सगळं फोनवर म्हणायचं होतं. फोनवर 'हो, हो, बघतो' एवढंच म्हणालो. मला मुद्दे फोन ठेवल्यावर सुचतात. म्हणून ही रोजनिशी. कुणी वाचायची नाही. मीसुद्धा मागची पानं उलटायची नाहीत. पुढे बघायचं.)

परिस्थिती अशी: गेल्या महिन्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला. बोलणं शाबूत, उलट जीभ पूर्वीपेक्षा तिखट झालीये. डावा हात मात्र मांडीवर पडून असतो, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. बाबांनी जन्मभर बस चालवली. डावा म्हणजे त्यांचा गिअरचा हात. ताईने रोज सकाळी घरी येणारी फिजिओथेरपिस्ट लावून दिलीये. आम्ही तिला व्यायामबाई म्हणतो. तिचं म्हणणं, सुरुवातीचे महिने पुन्हा मिळत नाहीत, एक दिवसही चुकवायचा नाही, बोटं रोज उघडायची, आखडू द्यायची नाहीत. प्रत्येक जण आपल्या दुकानाबद्दल असंच बोलतो.

संकल्प: लवकर उठणे. बाबांवर न चिडणे. अकरावीला चेतापेशीचा धडा असा शिकवणे की कॉलेज हादरलं पाहिजे.

६ ऑगस्ट

उशिरा उठलो. बाबांवर चिडलो. तिसरा संकल्प अजून शाबूत आहे.

७ ऑगस्ट

कल्पना सुचली! आंघोळ करताना. लवकर उठलो असतो तर आंघोळ आधीच उरकली असती आणि सुचलीच नसती. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

चेतापेशी म्हणजे काय, तर बादली. आजूबाजूच्या पेशींकडून थेंब थेंब चार्ज येतो. बादली काठोकाठ भरली की एकदम उपडी होते आणि पुढच्या पेशीला निरोप जातो. अर्धी भरली तर काहीच होत नाही. अर्धा निरोप हा प्रकारच नाही. पुस्तकात हे सांगायला साडेचार पानं आणि चिरडलेल्या पालीसारखी दिसणारी एक आकृती खर्ची पडलीये. मी हेच एका लाकडी फळीवर करून दाखवणार. बॅटरी, बादलीच्या जागी कपॅसिटर, दोन ट्रान्झिस्टर, एक लाल एलईडी. पत्र्याची पट्टी बोटाने दाबायची. ती खालच्या पिनेला टेकली की बॅटरीतला थोडा चार्ज बादलीत. तीन-चारदा दाबलं की दिवा लखकन पेटणार!

फिजिक्सचे सर म्हणाले, आण फळी, वायरी एकदा तपासून देतो. मी म्हटलं, गरज नाही. त्यांना फक्त क्रेडिटमध्ये वाटा हवाय.

८ ऑगस्ट, दुपार

फळी तयार. दिवा लागत नाही. एलईडी बोगस असणार. हल्ली कशालाच क्वालिटी राहिली नाही.

८ ऑगस्ट, संध्याकाळ

पेटला! मी काहीही केलं नाही. पट्टीवर बोट ठेवून विचार करत बसलो होतो आणि दिवा लागला. दाबायचीसुद्धा गरज नाही, नुसतं बोट ठेवायचं. म्हणजे अपेक्षेपेक्षाही सेन्सिटिव्ह झालीये. वायरी जिथे जिथे जोडल्यात तिथे काळी चिकटपट्टी इतकी सफाईने गुंडाळलीये की उघडून बघायचा मोह झाला. आवरला. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची.

११ ऑगस्ट

वर्गात गाजलं. मागच्या बाकावरचा डुलकी (त्याचं खरं नाव हजेरीपुरतं) चक्क जागा होता. सगळ्यांनी रांगेने येऊन बोट ठेवलं, सगळ्यांचा दिवा लागला. फक्त प्रश्नपत्रिकेने विघ्न आणलं. ही पहिल्या बाकावरची मुलगी. हात वर केला की खाली घेत नाही. विचारत होती, सर, तीन-चारदा दाबल्यावर पेटणार होता ना, मग एकदाच नुसतं टेकवून कसा पेटतो? मी म्हटलं, उत्साहामुळे. वर्ग हसला. तिने लिहून घेतलं.

१२ ऑगस्ट

आजची तारीख लक्षात ठेवावी लागेल.

फळी घरी आणली होती. सहज. बाबा खिडकीजवळ टेबल लॅम्पखाली बसले होते. त्यांचं डावं बोट उचलून पट्टीवर ठेवलं आणि म्हटलं, बाबा, दाबा. मनापासून दाबा.

दिवा लागला.

दोनदा, चारदा, कितीदाही. मी खोलीभर नाचलो. म्हणजे मेंदूतून निरोप निघतोय, दंडातून उतरतोय, बोटापर्यंत येतोय! डॉक्टरच्या मशीनला जे दिसलं नाही ते माझ्या फळीला दिसलं. बाबांना विचारलं, काय वाटतंय? बाबा दिव्याकडे बघत म्हणाले, इंडिकेटर लागतोय रे, इंजिन सुरू झाल्यासारखं वाटत नाही. मी म्हटलं, बाबा, निगेटिव्ह बोलू नका, पेशी ऐकत असतात.

संकल्प: रोज संध्याकाळी बाबांजवळ बसून फळीचा व्यायाम. कितीही काम असलं तरी.

१३ ऑगस्ट

व्यायामबाईला दिवा दाखवला. तिने दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांच्या बोटाखाली स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाली, काका, मला ढकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, काही येत नाहीये सर. बोट तुम्ही उचलून ठेवता, ते आपण होऊन जात नाही. तिला समजावलं, तुमचं मोजमाप अंदाजपंचे, माझं इलेक्ट्रॉनिक. ती म्हणाली, इलेक्ट्रॉनिक असेल, पण काकांना चहाचा कप धरायचाय, दिवे नाही लावायचे. असल्या लोकांना अपडेट करता येत नाही.

१४ ऑगस्ट

प्रश्नपत्रिका मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात. म्हणाली, सर, पेन्सिलीच्या मागच्या रबराने दाबलं तर दिवा लागत नाही. कितीही जोर लावला तरी. बोट मात्र हलकेच लागलं तरी लागतो. तिला म्हटलं, उद्या झेंडावंदन, परवा ये.

रात्रभर नाही, पण जेवेपर्यंत विचार केला. आणि चपराक बसावी तसं उत्तर मिळालं: माझ्या फळीला जिवंत स्पर्श ओळखता येतो. लाकूड, रबर, प्लास्टिक नाही. फक्त माणूस. यावर पेपर लिहिता येईल. तात्पुरतं शीर्षकही ठरवलं.

१६ ऑगस्ट

वर्गात 'जिवंत स्पर्शाचा सिद्धांत' मांडला. फळ्यावर चौकटीत लिहिला. प्रश्नपत्रिकेने हात वर केला. तास संपला, हात तसाच वर होता.

१८ ऑगस्ट

आज व्यायामबाईला थांबवलं. गोडीत. म्हटलं, तुमचे उपकार आहेत, पण आता आमचं आम्ही बघू. तिने बॅग भरता भरता बाबांना विचारलं, काका, तुमचं काय म्हणणं? बाबा म्हणाले, पोरगा एवढं करतोय, करू दे. दारात जाऊन ती परत वळली आणि म्हणाली, सर, निदान बोटं तरी रोज उघडत जा. आणि माझी ही वेळ दुसऱ्या कुणाला गेली की मग माझ्या हातात काही नाही.

धमकी. सरळ सरळ धमकी.

ताईचा फोन. व्यायाम चालू आहे ना? म्हटलं, रोज. खोटं नाही. कुणाकडून ते तिने विचारलं नाही.

१९ ऑगस्ट

सकाळी बोटं उघडायची राहिली. संध्याकाळी उघडू.

२० ऑगस्ट

राहिली. पण फळीचा व्यायाम झाला. दिवा अगदी ठणठणीत. बाबा आणि मी गप्पा मारत बसलो. एकदा घाटात ब्रेक गेले होते, तेव्हा त्यांनी गाडी गिअरवर उतरवली होती, ते सांगत होते. मला हे माहीतच नव्हतं. म्हटलं, कधी सांगितलं नाहीत. म्हणाले, तू कधी थांबलास?

मुद्दा तो नाही. मुद्दा हा की दिवा लागला.

२२ ऑगस्ट

प्रगती तपासायची म्हणून बाबांच्या डाव्या हातात चहा दिला. कप मांडीवर पालथा. सुदैवाने चहा कोमट होता, कारण मी तो उशिरा केला होता. उशिराचे फायदे लोकांना समजत नाहीत. कपाचा कान फार बारीक आहे. जाड कानाचा कप आणणे.

बाबा पॅंटकडे बघत म्हणाले, अर्धी भरली तर उपडी होत नाही म्हणत होतास ना तुझी ती बादली? ही झाली.

२५ ऑगस्ट

जाड कानाचा कपही पडला आणि फुटला.

पण आज एक फार चांगली खूण दिसली. बाबांची डावी बोटं आपोआप आत वळायला लागलीत. म्हणजे पकड तयार होतेय! उघडायला गेलो तर चक्क विरोध करतात. पूर्वी लोण्यासारखी होती, आता ताकद आलीये. बाबा ओठ दाबून 'हळू' म्हणाले. दुखत असणार. पण दुखतंय म्हणजे निरोप उलट दिशेनेही जातोय. दुहेरी वाहतूक सुरू.

२७ ऑगस्ट

प्रिन्सिपल मॅडम शुक्रवारी माझा तास बघायला येणार. मला कायम करायचं की नाही ते त्यावर ठरवतील. इतर मास्तर असल्या दिवशी नवीन खडू आणतात. मी बाबांना आणणार.

बाबा म्हणाले, मी काय प्रदर्शनातलं इंजिन आहे का? मग विचारलं, तुझ्या नोकरीचं काम होईल का त्याने? मी म्हटलं, शंभर टक्के. ते म्हणाले, मग दाढी करून दे. दाढी करताना हनुवटीला कापलं. माझा हात थोडा थरथरत होता. त्यांचा डावा अजिबात थरथरत नव्हता. ही तुलना इथे नोंदवून ठेवतो.

२९ ऑगस्ट, सकाळ

प्लॅन: आधी बादली. मग जिवंत स्पर्श. मग बाबा. बाबांच्या वेळी पूर्ण अंधार करायचा. पडदे ओढायचे आणि लॅबचा मेन स्विचच पाडायचा. सगळं काळंकुट्ट, पंखे बंद, शांतता, आणि त्यात एक लाल दिवा. फळी बॅटरीवर चालते, तिला कुणाच्या विजेची गरज नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी येईल. माझ्या येऊ नये म्हणून रुमाल घेतलाय.

२९ ऑगस्ट, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो. एकदाच.

बाबा इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीत, टेबलाशी. मॅडम मागच्या बाकावर डुलकीच्या शेजारी. बादली छान झाली. जिवंत स्पर्श छान झाला. मग मी म्हटलं, हा हात डॉक्टरांनी सोडून दिलाय. (डॉक्टर असं म्हणाले नव्हते. वर्गात थोडं नाट्य लागतं.) बाबांची वळलेली बोटं सोडवून एक बोट पट्टीवर ठेवलं. डुलकीला खूण केली. त्याने मेन स्विच पाडला.

अंधार. पंखा फिरत फिरत थांबला.

म्हटलं, बाबा, दाबा.

काही नाही.

म्हटलं, मनापासून. बाबांच्या श्वासाचा आवाज यायला लागला. बस चढावर घेताना यावा तसा. काही नाही. कुणीतरी खोकलं. मी बाबांच्या बोटावर माझं बोट ठेवून दाबलं. तरी काही नाही. माझ्या जिवंत बोटानेसुद्धा नाही! मी म्हणालो, एक मिनिट, बॅटरी. आणि तिकडे डुलकीने घाबरून मेन स्विच वर केला.

ट्यूबलाइट लागल्या. पंखा हलला. आणि फळीवरचा दिवा लागला. बाबा तेव्हा दाबत नव्हते. थकून मान खाली घातली होती. बोट नुसतं पडलं होतं पट्टीवर.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, जमलं.

मग प्रश्नपत्रिका उठली. हात वर न करता. म्हणाली, सर, रागावू नका, पण पट्टीची वायर बॅटरीला जोडलेलीच नाहीये बहुतेक. आपल्या अंगात भिंतीतल्या विजेची थोडी थरथर येते, अँटेनासारखी, तेवढ्यावरच तो पेटतोय. मेन बंद केला की थरथर बंद. दाबण्याशी काही संबंधच नाही. फिजिक्सच्या सरांना विचारलं मी. मी म्हटलं, सिद्ध कर. तिने वाकून पट्टीला कोपर लावलं. दिवा लागला. डुलकी धावत आला आणि त्याने नाक लावलं. दिवा लागला. मग कुणी कपाळ, कुणी कान, कुणी हनुवटी. रांग लागली. एवढं हसणं त्या लॅबने ऐकलं नसेल. बाबासुद्धा हसत होते. खो खो. उजव्या हाताने डोळे पुसत होते. हसण्याचं पाणी असणार.

मॅडम जाताना म्हणाल्या, मुलांनी मात्र छान विचार केला. 'मात्र' हा शब्द मला खटकला.

येताना टॅक्सीत बाबा शेजारी. डावा हात मांडीवर होता. बोटं आत.

३० ऑगस्ट

लिहिण्यासारखं काही नाही.

ताई उद्या दुपारी येतेय. बाबांचा हात बघायला. सोमवारचीही सुट्टी टाकलीये म्हणाली.

३१ ऑगस्ट, सकाळ

काळी चिकटपट्टी सोडवली. आत वायरीची दोन टोकं एकमेकांशेजारी, सभ्य पाहुण्यांसारखी अंतर ठेवून. मी त्यांना कधी जोडलंच नव्हतं. नुसतं गुंडाळलं होतं. फार सफाईने.

जोडलं. सोल्डर केलं. पेन्सिलीच्या रबराने दाबून बघितलं: एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा लखकन पेटला. बादली उपडी. पहिल्या दिवशी म्हटलं होतं तसंच. नुसतं बोट टेकवलं तर आता काही होत नाही. डिझाइन मुळात बरोबर होतं, एवढं तरी इथे लिहून ठेवतो.

फळी बाबांसमोर ठेवली. ते म्हणाले, राहू दे ना आता. मी म्हटलं, एकदाच. बोट ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. मानेची शीर फुगली, डावा पाय जमिनीवर दाबला गेला, जसा काही तिथे क्लच आहे. पट्टी केसभरही हलली नाही.

त्यांनी डोळे उघडून विझलेल्या दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, आता बरोबर जोडलंस.

विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? म्हणाले, पहिल्या दिवसापासून. बोट माझंच आहे ना.

मग बोलला का नाहीत? ते खिडकीकडे बघत राहिले. म्हणाले, तू रोज संध्याकाळी येऊन बसत होतास. म्हटलं, बसू दे.

बोटं उघडायचा प्रयत्न केला. मधली दोन आता पूर्ण उघडत नाहीत. ती पकड नव्हती.

३१ ऑगस्ट, थोड्या वेळाने

व्यायामबाईला फोन केला. वेळ गेलीये, दुसरा पेशंट घेतला म्हणाली. मी म्हटलं, काहीही वेळ चालेल. म्हणाली, आज क्लिनिकमध्ये गर्दी आहे. मी म्हटलं, मी येऊन बसतो. ती म्हणाली, तुम्ही येऊन काय करणार सर, हात तुमचा नाहीये. मग म्हणाली, बोटं उघडतात का? मी सांगितलं. तिने नुसतं 'बरं' म्हटलं. धमकी परवडली असती.

मग ताईला लावला. ती गाडीत होती. मागे हॉर्न वाजत होते. या वेळी 'हो, हो' नाही म्हटलं. एका दमात सांगितलं: व्यायामबाईला मी काढलं. अठरा तारखेला. तुला 'रोज' म्हटलं तो फळीचा व्यायाम होता. फळी चुकीची होती. बोटं आखडलीत. बाबांना काही विचारू नकोस, त्यांनी माझ्यासाठी केलं. तिकडे तिने श्वास घेतलेला ऐकू आला. ती बोलायच्या आत फोन ठेवला.

बूट घातलेत. बाबा विचारतायत, एवढ्या घाईत कुठे, ताई येतेय ना? क्लिनिकच्या बाकावर जाऊन बसणार. वेळ मिळेपर्यंत. फोन परत वाजतोय. वाजू दे, मी दारात आहे. निघालो.